उत्तर: नागपुरात सटायर चालत नाही?
वर कोणीतरी लिहिलं की नागपूरच्या पब्लिकला राजकीय टोमणा पचत नाही. काहीही काय बे! जिथे 1885 पासून पिवळी मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते अन् दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेत्यांचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, भर रस्त्यानं मिरवून जाळतात, तिथं?

परवाच्या कॉमेडीच्या ओपन माइकला (जिथं कोणीही नवखा स्टेजवर येऊ शकते) एक नवीन पोरगी पाच मिनिटांच्या स्लॉटमध्ये, हात थरथरत होते बिचारीचे, म्हणे "तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता, समोर उंच सिमेंट रोड झाला, आता बेसमेंटात राहून राहिली". हॉल पडला ना हसून. नंतरचे दोघं मात्र मुंबई लोकलवर जोक मारत बसले, इथं काऊन बा?