मदत हवी आहे: बॉल मिल रात्रभर फिरते, तरी ग्लेझ खरखरीतच

मातीकाम_रबाळे:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत छोट्या गाळ्यात आम्ही कप-बशा आणि कुंड्या बनवतो. आतापर्यंत तयार ग्लेझ (भांड्यावर चढवायचा काचेसारखा थर) आणत होतो, आता फेल्स्पार, क्वार्ट्झ, व्हाइटिंग, चायना क्ले आणून घरचंच दळायचं ठरवलंय. त्यासाठी जुनी बॉल मिल (आतल्या गोळ्यांनी माल दळणारं फिरतं पिंप) घेतली. आतून पोर्सिलेनचं अस्तर, आतला व्यास 45 सेंमी, लांबी 50 सेंमी. फिरते 60 आरपीएमने, विकणाऱ्याने तशीच दिली.

एका घाण्यात 30 किलो कोरडा माल, 18 लिटर पाणी आणि 35 किलो अ‍ॅल्युमिना गोळे घालतो. रात्रभर चालवूनही 200 मेशच्या (अगदी बारीक जाळीच्या) चाळणीवर भरपूर कण उरतात. भाजल्यावर पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. शेजारच्या गाळ्यातले रंगवाले म्हणतात, स्टीलचे गोळे टाका, झटक्यात काम होईल. टाकू का?

भट्टीवाला:
स्टील अजिबात नको! झिजलेलं लोखंड ग्लेझमध्ये उतरतं आणि पांढऱ्या कपावर तपकिरी ठिपके येतात. गडद रंगाच्या पेंटमध्ये ते खपत असेल, आपल्याकडे नाही.

तुमचा खरा घोळ वेगात आहे. 42.3 ला व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागा. तुमच्या मिलसाठी साधारण 63 आरपीएम येतात. त्या वेगाला गोळे भिंतीला चिकटूनच गोल फिरू लागतात. तुम्ही 60 वर आहात, म्हणजे जवळपास तिथेच. गोळे एकमेकांवरून घरंगळायला हवेत, त्या रगडण्यानेच माल बारीक होतो. तुमचे उंच जाऊन थेट आपटत असणार. अस्तराचे टवके उडालेत का, तेही बघा. त्या 63 च्या 65 ते 75 टक्के वेग धरा, म्हणजे 41 ते 47.

सायली_सिरॅमिक:
गोळेही कमी आहेत हो. मिलचं पोट सुमारे 80 लिटरचं. त्यातलं निम्मं गोळ्यांनी भरायचं, म्हणजे 85 किलोच्या आसपास. सगळे एकाच मापाचे नकोत, मोठे-मधले-लहान मिसळा. माल आणि पाणी मिळून गोळ्यांमधल्या फटी भरून वर थोडंसंच यावं. तुमच्याकडे उलट आहे, मूठभर गोळे पातळ रश्श्यात पोहताहेत. 24 किलो माल आणि 10 लिटर पाण्यावर या. फार घट्ट वाटलं तर थोडं पाणी वाढवा, पण 18 कशाला?

आणि क्वार्ट्झची कोरडी पोती ओतताना चांगला मास्क लावाच. ती धूळ फुफ्फुसात बसते ती बसतेच, सिलिकोसिसवर औषध नाही.

मातीकाम_रबाळे:
सायलीताई, भट्टीवाले दादा, खूप आभार. गोळे आणखी मागवतो. टवके आहेत, पण थोडेच. वेग कमी करायला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घ्यावाच लागेल का? बजेट तंग आहे.

भट्टीवाला:
मोटरवरची पुली किती इंची?

मातीकाम_रबाळे:
4 इंची.

भट्टीवाला:
मग 3 इंची लावा, 60 चे 45 होतील. पट्टा मात्र नव्याने ताणून घ्या, गोळे वाढले की भार वाढेल. मोटर तेवढं ओढते का, तेही इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि रात्रभर सोडून जाऊ नका, सहा तासांनंतर दर दोन तासांनी चाळणीवर बघा. गरजेपेक्षा जास्त दळलं तर ग्लेझ वाळताना भेगाळतं आणि भट्टीत गोळा होऊन सरकतं, खाली माती उघडी पडते.

मातीकाम_रबाळे:
पुली उद्याच बदलून घेतो. पुढच्या घाण्याच्या चाळणीचा फोटो इथे टाकतो.