झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन योजना) बंद करून रेनबसेरे (बेघरांचे रात्रनिवारे) बांधायचे?

सातरस्ता: मुंबईत झोपुचं फुकट घर म्हणजे मतांसाठीची लाच. योजना बंद करा, तो पैसा रेनबसेऱ्यांना द्या.

पागडीवाले: कोणता पैसा? 1995पासून इमारत विकासक बांधतो, बदल्यात विक्रीचं चटईक्षेत्र, म्हणजे बाजारात विकायला जादा बांधकामाचा हक्क, घेतो. माझा राग उलटा आहे. सरकारनं स्वतःची जबाबदारी बाजाराच्या गळ्यात बांधली. घरांची विक्री थांबली की विकासक झोपडीवाल्यांचं तात्पुरत्या घराचं भाडं थकवतो आणि झोपडी आधीच पाडलेली असते. म्हणून तर दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश, ही अट घालावी लागली.

सातरस्ता: पालिकेच्या, म्हाडाच्या जमिनीवरचं चटईक्षेत्र हा पैसाच! आणि परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, यायला आधी झोपडी लागते, फुकट घराला तीही 1 जानेवारी 2000पूर्वीची. 2011पर्यंतच्यांनी अडीच लाख भरायचे. ज्याच्याकडे ताडपत्रीही नाही त्यानं पुराव्याला वीजबिल कुठून आणायचं? सर्वोच्च न्यायालयानं लाख वस्तीमागे एक निवारा सांगितला, बाराही महिने उघडा. सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशे हवेत. त्याच्या जवळपास तरी आहोत का?

फलाट9: आकडा सोडा, जागेचं बोला. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पेशंटचे नातेवाईक फूटपाथवर झोपतात. त्यांना चेंबूरचा निवारा दिला तर कोण जाईल? मजुराला नाका चालत गाठता आला पाहिजे. सामानाला कुलपाचा कप्पा हवा. आणि बायका-पुरुष वेगळ्या हॉलमध्ये टाकले की अख्खं कुटुंब परत रस्त्यावर.

मोकळीहवा: घर दिलं तरी कसलं देता? गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड बघा, पुनर्वसनाची वसाहत. दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली तर समोरच्याची भिंत. ओल, कोंदट हवा, त्यात 225 चौरस फुटांत सहा-सात माणसं. तिथला क्षयरोग आणि ही बांधणी यांचा संबंध अभ्यासातून पुढे आलाय.

पागडीवाले: ती प्रकल्पग्रस्तांची वसाहत. झोपुच्या नावावर खपवू नका, दर वेळी हाच घोळ!

मोकळीहवा: पाटी वेगळी, दोन इमारतींमधल्या अंतराची सवलत तीच. क्षेत्रफळ 269 झालं, मग 300 झालं, पण आत वारा आला का? माणसं खोकून मरताहेत आणि तुम्ही नावं कसली दुरुस्त करताय?

पागडीवाले: अंतराचं मान्य. चटईक्षेत्र वाढवताना मधली जागा खाल्ली, ती मंजुरी सरकारचीच.

सातरस्ता: ठीक, 'बंद करा' मागे घेतो. 'लाच' हा शब्द मात्र मागे घेणार नाही. आणि परळला निवारा कुठल्या भूखंडावर, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.