नोकरी शोधताना आपलं प्रोफाइल कोणाकोणाला दिसतं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

सातपूर-अंबडमध्ये नोकरी बदलायची तर गुपचूप बदलावी लागते. इथे एका कंपनीचा पर्चेसवाला दुसऱ्या कंपनीच्या एचआरचा शेजारी निघतो. नोकरी-धंद्याच्या ओळखींची साइट म्हणजे लिंक्डइन, तिथे काय दिसतं नि काय झाकलं जातं, हे मला ठेच लागल्यावर कळलं. तुमचेही अनुभव सांगा, फक्त माणसांची आणि कंपन्यांची नावं नकोत.

आधी माझा. मी अंबडला क्वालिटीत होतो. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत जागा निघाली, म्हणून तिथल्या प्लांट हेडचं प्रोफाइल आठवड्यात चारदा उघडलं. शनिवारी त्यांचाच मेसेज आला, "काही काम होतं का?" घाम फुटला. आपण कोणाचं प्रोफाइल पाहिलं की आपलं नाव त्याला दिसू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: पूर्ण नाव, अर्धवट ओळख आणि प्रायव्हेट मोड, म्हणजे ओळख पूर्ण झाकलेली.

टूलरूमवाला, सातपूर
दादा, त्या अर्धवट ओळखीवर विसंबू नका. नाव दिसत नाही, पण हुद्दा, कंपनी किंवा क्षेत्र असं काहीतरी दिसतं. पुण्यात खपून जाईल. आमच्या कामाचे नाशकात मोजून पाच-सहा जण, मला लगेच ओळखलं.

कॉलेज रोड
माझं 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण, फक्त रिक्रूटरना (भरती करणाऱ्यांना) दिसेल असं ठेवलेलं. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. आमची भरती बाहेरची एजन्सी बघायची. तिथून बातमी साहेबांपर्यंत गेली आणि त्या वर्षीची पगारवाढ हुकली. घरी सांगताना रडू आलं.

नाशिकरोडकर
प्रोफाइलला हात लावण्याआधी बदल नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद करा. मी विसरलो, अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले.

इंदिरानगरची
मला दुसरी बाजू लिहायची आहे. जुन्या नोकरीतल्या एका वरिष्ठाच्या त्रासामुळे मी राजीनामा दिला. नंतर कितीतरी महिने माझं प्रोफाइल कोणी पाहिलं त्या यादीत 'लिंक्डइन सदस्य' एवढंच दिसायचं, कधी रात्री दोनला फोन पाहिला तरी नवीन भेट. तोच असेल, नसेलही. नाव कळेल या आशेनं प्रीमियमचे, म्हणजे लिंक्डइनच्या सशुल्क खात्याचे, पैसे भरले. प्रायव्हेट मोडमध्ये आलेल्याचं नाव प्रीमियमलाही दिसत नाही.

टूलरूमवाला, सातपूर
ताई, ब्लॉक केलंत का? त्याला सूचना जात नाही.

इंदिरानगरची
केलं, भाऊ. पण लॉगिन न करताही सार्वजनिक प्रोफाइल दिसतं, गुगलवरही येतं. म्हणून तेही बंद केलं. फोटो फक्त जोडलेल्या लोकांपुरता, आणि माझी कनेक्शनची यादी कोणालाच नाही. बंद केल्यावरही गुगलवर काही दिवस जुनंच दिसत राहिलं, ते दिवस फार जड गेले. आता मी दुसऱ्यांची प्रोफाइल प्रायव्हेट मोडमध्ये पाहते. प्रीमियम सोडलंय, आणि फुकट खात्यात प्रायव्हेट मोड ठेवल्यामुळे माझं कोण पाहतं ती यादीही आपोआप बंद झाली. मला ती नकोच होती.