मदत हवी आहे: कुठल्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये काम भराभर होतं असं ‘वाटतं’, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

आमची ११ जणांची टीम. पाच जावावाले, चार पायथनवाले आणि नुकतेच गोलँगकडे वळलेले दोघं. नवी सर्व्हिस कशात लिहायची यावरून दर सोमवारी वाद. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाला, सर्व्हे घे एकदाचा. मी फॉर्म केला: ‘या लँग्वेजमध्ये तुमचं काम किती झपाट्याने होतं? १ ते ५.’

निकाल? आपला तो बाब्या! ज्याने त्याने आपल्या लँग्वेजला ५ आणि बाकीच्यांना २.

माझ्या शेजारच्याने पायथनला डोळे झाकून ५ दिले. त्याच दुपारी एका फंक्शनला आकड्याच्या जागी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) जात होती, ती सापडेपर्यंत त्याचे तीन तास गेले होते. टोकलं तर म्हणतो, “ते डीबगिंग रे! लिहायला कुठे वेळ लागला?” म्हणजे ते तीन तास त्याच्या हिशोबातच नाहीत.

थोडं वाचलं. २००० साली लुट्झ प्रेशेल्ट या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने एकाच कामाचे सात लँग्वेजमधले ८० प्रोग्राम तपासले. पायथन, पर्लसारख्या स्क्रिप्टिंग लँग्वेजवाल्यांना सी, सी प्लस प्लस, जावावाल्यांच्या निम्माच वेळ लागलेला दिसला. गोम अशी, की स्क्रिप्टिंगवाल्यांनी आपले तास आपणच कळवले होते! एआय तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेचा २०२५चा प्रयोग लँग्वेजचा नाही, एआय टूल्सचा आहे. पण तिथे १६ अनुभवी डेव्हलपरांना काम २० टक्के लवकर झालंसं वाटलं, प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला.

मग ‘वाटणं’ विचारावं तरी कसं? आणि जावात दहा वर्षं घासलेला माणूस नि सहा महिन्यांचा गोलँगवाला एका मापाने कसे मोजायचे? कुणी ऑफिसात असं काही केलंय का?

प्रतिसाद: ‘झपाट्याने’ हा शब्द आधी काढा. रोज संध्याकाळी दोनच प्रश्न विचारा: आज कुठे अडकलात, किती वेळ? दोन आठवडे पुरे. शिवाय एकमेकांच्या कोडमधला एखादा छोटा बग अदलाबदल करून सोडवायला द्या. आवड वेगळी विचारा. तीही लागतेच, नाहीतर माणसं टिकत नाहीत.

धागाकर्ता: आभार! फॉर्म आजच बदलतो. अदलाबदलीला मात्र जावावाले तयार होतील असं दिसत नाही.