मिसेसचा गुडघा बदललाय, पण पाय वाकवायलाच तयार नाही

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, आमच्या मिसेसचा उजवा गुडघा बदलून तीन आठवडे होत आलेत. टाके निघाले, जखम कोरडी आहे, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, पण फिजिओवाला आला की हिचं तोंड उतरलंच. पाय वाकवला की ओरडती आणि तो गेला की दिवसभर व्यायामाचं नाव नाही, म्हणती उद्या करतो. सत्तर डिग्रीच्या पुढं जाईना म्हणे गुडघा. झोपताना गुडघ्याखाली उशी लागते, तेवढंच तिला बरं वाटतं. त्यात गंगावेशीतली मेव्हणी सांगून गेली की तालमीतला एकजण तेल लावून पाय चोळतो, चार दिवसात मोकळा करतो. मला काय ते पटंना, पण हिचं मन तिकडंच. जबरदस्ती करू का राहू दे?

पांढरा_जास्त:
काका, पहिली ती उशी काढा, आजच. आमच्या आईचे दोन्ही गुडघे झालेत. पाय वाकण्याएवढंच सरळ होणं पण महत्त्वाचं असतंय, उशीवर अर्धवट वाकलेला ठेवला की तसाच आखडतो आणि मग चालताना लंगडायचं. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहूदे. आई शिव्या घालायची आम्हाला 😄 आणि दुखायची गोळी डॉक्टरांना विचारून फिजिओ यायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, ओरडायला लागल्यावर देऊन काय उपयोग.

फिजिओताई:
मी फिजिओच आहे. चोळणं अजिबात नको, जखम आतनं अजून ताजी आहे आणि पोटरीत रक्ताची गुठळी असली तर जिवावर बेतू शकतं. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल. ताप आला किंवा जखमेतनं पाणी आलं तर सर्जनना फोन.
ओरडण्याबद्दल, ताण बसल्यावर दुखणारच, पण दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जास्त झालं समजा. दिवसातनं एकदाच रडवण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा करा. गादीवर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की टाच सरकत येते, ओढायला सोपं जातं. खुर्चीत बसवून चांगला पाय ऑपरेशनच्या पायाच्या पुढनं घोट्याला लावायचा आणि हळूच मागं रेटायचा, ताण कितपत द्यायचा ते तिच्याच हातात राहतं म्हणून पेशंट भीत नाहीत. नंतर कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं.
सत्तर तसं कमीच आहे, खुर्चीतनं नीट उठायला नव्वद तरी लागतात. पुढच्या तपासणीची वाट बघू नका, सर्जनना आत्ताच सांगा. फार आखडला तर भूल देऊन वाकवून देतात, पण ते पहिल्या तीनेक महिन्यांतच चांगलं जमतं.

रंकाळाकाठ:
धन्यवाद ताई. उशी काढली, घरात महाभारत चालू आहे. पिशवीचं मात्र तिला पटलं, सकाळी स्वतःहून केलं. दारात चार पायऱ्या आहेत त्याचं काय? आणि नवरात्रात अंबाबाईला जायचंच म्हणती.

फिजिओताई:
चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पहिल्यांदा फिजिओसमोरच करा, कठडा धरून. काठी आली की डाव्या हातात, बरीच माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात.

पांढरा_जास्त:
आणि नवरात्रात रांगेत तासन्‌तास उभं करू नका हो, मुखदर्शन घ्या आणि या परत. मांडी घालून बसायचं तर नावच नको, घरातनं जाताना फोल्डिंगची खुर्ची न्या.