स्वादुपिंड राखून ड्युओडेनम काढणे

स्वादुपिंड आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांचा रक्तपुरवठा सामाईक, म्हणून ड्युओडेनम काढला की स्वादुपिंडाचं डोकंही (त्याला चिकटलेला भाग) काढावंच लागतं, असं सहसा म्हटलं जातं. व्हिपल शस्त्रक्रियेत हे दोन्ही एकत्रच काढतात, तिच्याबद्दल ते खरं आहे, पण नेहमी नाही. फॅमिलिअल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस या आनुवंशिक आजारात आतड्याच्या आतल्या अस्तरावर ढीगभर पॉलिप (गाठीसारखे उंचवटे) येतात; त्यात मोठं आतडं काढल्यावरही ड्युओडेनममध्ये पॉलिप येत राहतात. त्यांची संख्या, आकार, प्रकार आणि पेशींतला बिघाड पाहून स्पिगेलमन श्रेणी ठरते. चौथ्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत कर्करोगाची भीती बरीच असते, आणि एंडोस्कोपीने सगळे पॉलिप निघतीलच असं नाही. तेव्हा फक्त ड्युओडेनम काढता येतो. सर्जन स्वादुपिंडाच्या डोक्यापासून तो हळूहळू सोडवतो, मधल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक बांधतो, आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जिथे उघडतात तो भाग लहान आतड्याला जोडतो. खरी कसोटी या जोडाचीच. तिथून गळती किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्यामुळे ही 'छोटी व्हिपल' आहे अशा समजुतीत राहू नका.

एक अट मात्र कडक: बायोप्सीत पसरणारा कर्करोग दिसला, किंवा दाट शंका असली, तर व्हिपलच. लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) नीट काढायच्या तर डोकं ठेवून चालत नाही. आणि हो, शस्त्रक्रियेनंतरही एंडोस्कोपी सुटत नाही; जोडलेल्या आतड्यातही पॉलिप येतात.