आपली शैली शोधायची, की दुसऱ्याचं गिरवता गिरवता ती येते?

निळी_शाई (धागा)

"तुझं चित्र बघितलं की तू सध्या कोणाचं काम बघतोयस ते लगेच कळतं." एक जवळचा मित्र तीन वर्षांपूर्वी हे बोलला आणि मला ते फार लागलं. माझं माध्यम टाक आणि शाई. तेव्हा मी एका चित्रकाराच्या आडव्यातिडव्या रेषांच्या जाळ्यात पुरता गुंतलो होतो, त्यामुळे मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग ठरवलं, वर्षभर कोणाचंही काम बघायचं नाही. पुस्तकं बंद, प्रदर्शनं बंद, फोनवरची चित्रं बंद. जे येईल ते अस्सल आपलं.

वर्षाच्या शेवटी सगळे कागद जमिनीवर पसरले. बहुतेक चेहरे डावीकडे वळलेले. हात खिशात, पाठीमागे किंवा चौकटीबाहेर, कारण मला हात काढता येत नव्हते. सावली नेहमी उजव्या बाजूला. ज्याला मी माझी शैली समजणार होतो त्या सगळ्या माझ्या सवयी होत्या. बाहेरून कोणी टोकलं नाही की हात सोप्या वाटेनेच जातो.

त्यानंतर मी बरोबर उलटं केलं. एकच चित्रकार निवडला आणि आठ महिने त्याचीच रेखाटनं काढली. टाक कुठे टेकवला, कुठे दाब दिला, कुठे उचलला, हे शोधत काढली. तो गालाची कड पुरी करत नाही, मोकळी सोडतो. माझा हात ती कड बंद केल्याशिवाय राहीना. तिसऱ्या महिन्यात माझ्या स्वतःच्या चित्रांकडे बघताना लक्षात आलं की मीही रेषा सोडतोय, पण खांद्यापाशी. गालापाशी नाही. तो असं कधीच करत नाही.

म्हणून माझं मत: बिनधास्त गिरवा. एकाच माणसाचं, पुष्कळ दिवस. पाटीवर सगळ्यांनी एकच 'अ' गिरवला, तरी प्रत्येकाच्या अक्षराचं वळण वेगळं झालंच ना? व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराची दोन छापचित्रं तैलरंगात उतरवली. पुढे फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने मिले या आधीच्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं काढली, तीही कृष्णधवल प्रतींवरून. रचना मिलेची, रंग सगळे व्हॅन गॉगचे. ती चित्रं कोणी मिलेची समजत नाही.

ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

कोरा_कागद

पटत नाही, आणि अक्षराचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. गिचमिड अक्षरालाही स्वतःचं वळण असतं. वेगळेपणा हा काही गुण नव्हे. नक्कल करताना हात चुकला आणि चुकीला आपण शैली म्हणालो, तर मग शिकायचं कशाला?

शैली ठरवावी लागते. माँद्रियान या डच चित्रकाराची झाडं ओळीने बघा. १९०८ च्या सुमाराचं लाल झाड, १९११ चं करडं झाड, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड. मधे त्याने क्युबिस्ट, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी, चित्रं पाहिली आणि पॅरिस गाठलं. प्रभाव उघड आहे, नाकारत नाही. पण क्युबिस्ट जिथे थांबले तिथे तो थांबला नाही. वस्तू पूर्ण पुसायची हा निर्णय त्याचा होता. एकेका झाडात तो काहीतरी ठरवून सोडून देतोय. हात चुकून कोणी तिथवर पोचत नाही.

आणि व्हॅन गॉग हिरोशिगेकडे गेला तेव्हा रिकाम्या हाताने गेला नव्हता. बटाटे खाणाऱ्यांचं चित्र त्याने १८८५ मध्येच काढलं होतं. आधी स्वतःचं काही हवं, मग दुसऱ्याकडून घेतलेलं पचतं.

निळी_शाई

पण त्याच्याही आधीचं बघा. १८८०-८१ मध्ये तो बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या, शिकणाऱ्यांसाठी केलेल्या रेखाटन-पाठांचे तक्ते एकामागून एक उतरवत होता. तुम्ही म्हणता ते "स्वतःचं काही" गिरवण्यानंतरच आलं. माँद्रियानबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला विचारात पाडणारं आहे.

ओला_वॉश

माझा आक्षेप "एकाच माणसाचं" या शब्दांना आहे, आणि तो अनुभवाचा आहे.

मी जलरंगात काम करते. ज्यांच्याकडे शिकले त्यांची रंगपेटी म्हणजे माझी रंगपेटी: तेच तीन करडे, तोच गेरूचा पातळ थर, आकाश कागदाच्या वरच्या तिसऱ्या भागातच. पाच वर्षं. लोक कौतुक करायचे, "अगदी सरांसारखं!" आणि मला आनंद व्हायचा. सहाव्या वर्षी एक पावसाळी संध्याकाळ रंगवायला बसले. समोर ढगांखाली पिवळट हिरवा उजेड पडला होता. मी करडाच घेतला. डोळ्यांना हिरवा दिसत असताना हाताने करडा उचलला! तेव्हा कळलं की मी रंग उसने घेतले नव्हते, बघणंच उसनं घेतलं होतं. दुसऱ्याच्या ओंजळीने इतकी वर्षं पाणी प्यायले की स्वतःचे हात पुढे करायचे विसरले.

त्यातून बाहेर पडायला निश्चय पुरला नाही, सामान बदलावं लागलं. तिन्ही करडे पेटीतून काढून ठेवले. गुळगुळीत कागदाऐवजी खरखरीत कागद घेतला, त्यावर ते सुबक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे सपाट थर, बसतच नाहीत. बंगाली चित्रकार जामिनी रॉय यांच्याकडे मी यासाठी पुन्हा पुन्हा जाते. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण, त्या पद्धतीची व्यक्तिचित्रं करण्यात हात बसलेला. मग ते कलकत्त्यातल्या कालीघाटच्या पटचित्रांकडे आणि बंगालच्या लोकचित्रांकडे वळले, तेव्हा नुसते आकार घेऊन थांबले नाहीत. तैलरंग आणि कॅनव्हास सोडून माती-वनस्पतींचे रंग घेतले, कापड आणि चटई घेतली. जुन्या सामानाबरोबर जुना हातही सुटला असावा, असं मला वाटतं.

तेव्हा गिरवा, पण परस्परांशी न जुळणारे दोघं-तिघं तरी घ्या. एक रेषेसाठी, एक रंगासाठी, एक मोकळ्या जागेसाठी. ते तुमच्या कागदावर एकमेकांशी भांडतील आणि निवाडा तुम्हाला करावा लागेल.

तिसरी_घडी

इथे सगळे शिकणाऱ्याच्या बाजूने बोलताय. ज्याचं गिरवलं जातं त्याच्या बाजूने मी लिहितो.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. माझी झाडं कापलेल्या कागदांच्या थरांसारखी दिसतात. ती तशी व्हायला सात वर्षं लागली. एके दिवशी दुसऱ्याच कोणाच्या कामात तीच झाडं दिसली. तोच उतार, तीच पानांची टोकं, खाली सही त्यांची. विचारलं तर उत्तर आलं, "प्रेरणा घेतली." कायदा साधारणपणे प्रत्यक्ष चित्राचं रक्षण करतो, शैलीचं नाही, हे मला माहीत आहे. त्यामुळे पोटातली आग कमी होत नाही.

हे दुखणं जुनं आहे. सोळाव्या शतकात जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकूडठशांची रायमोंदी या इटालियन कोरीवकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून नक्कल केली, वर ड्यूररचं सहीसारखं चिन्हही उतरवलं. व्हेनिसमध्ये तक्रार गेली तेव्हा चिन्ह वापरायला तेवढी बंदी झाली, असं त्या काळातल्या कलाकारांची चरित्रं लिहिणारा वसारी सांगतो. नक्कल चालूच राहिली.

मिले गेल्यानंतर व्हॅन गॉगने त्याची चित्रं काढली. जिवंत माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. "बिनधास्त" हा शब्द मागे घ्या.

कोरा_कागद

तिसरी_घडी, तुमच्या रागाशी मी सहमत आहे. पण त्याच रायमोंदीने राफाएल या इटालियन चित्रकाराच्या रचनेवरून तांब्याच्या पत्र्यावर एक छापचित्र कोरलं होतं. त्याच्या कोपऱ्यात बसलेल्या तीन आकृती एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६३ च्या आपल्या चित्रात जवळजवळ जशाच्या तशा बसवल्या, आणि त्या वनभोजनाच्या चित्राने पॅरिस हादरलं. तिथे शैली घेतली नाही, मांडणी घेतली, आणि देवतांच्या जागी आपल्या काळातले कपडे घातलेले पुरुष बसवले. घेण्यात आणि उचलण्यात मला फरक दिसतो तो इथे: घेतलेल्या गोष्टीला नवं काम दिलंय का? तुमच्या झाडांना त्या माणसाने कुठलंच नवं काम दिलेलं नाही.

पुसट

शैली हवीच का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टनने अमूर्त चित्रांत नाव कमावलं होतं. १९७० मध्ये न्यूयॉर्कला त्याने एकदम चेहरा झाकणारे टोकदार बुरखे घातलेल्या, व्यंगचित्रासारख्या आकृती मांडल्या आणि समीक्षक तुटून पडले. कमावलेली शैली त्याला पुरत नव्हती. आपण इथे ज्याच्या मागे धावतोय तेच पुढे बेडी होणार असेल तर?

ओला_वॉश

पुसट, सोडून द्यायलाही आधी काहीतरी हातात असावं लागतं. मी अजून तिथे पोचलेले नाही.

निळी_शाई

तिसरी_घडी, "बिनधास्त" मागे घेतला. ज्याचं गिरवलं ते माझे कागद आजवर वहीतच आहेत, पण कोणाला दाखवले तर वर त्या चित्रकाराचं नाव आधी लिहीन.

ओला_वॉश, तुमच्या हिरव्या उजेडाबद्दल वाचून उठलो आणि आठ महिन्यांचे कागद परत काढले. आठही महिने रोज फक्त चेहरे! त्या चित्रकाराची झाडं, घरं मी बघितलीच नव्हती. म्हणजे एकाच माणसाचंही मी अर्धंच बघत होतो.

कोरा_कागद

एक विचारतो. खांद्यापाशी सुटणारी ती रेषा तुम्ही जाणूनबुजून सोडता, की ती आपोआप सुटते?

निळी_शाई

सुरुवातीला वीस-पंचवीस चित्रांत आपोआप सुटली असेल, मला कळलंही नाही. मग एकदा पाठमोऱ्या बसलेल्या म्हातारीचं रेखाटन करत होतो. खांद्याची रेषा नीट जोडली आणि ती बाई एकदम दगडासारखी दिसायला लागली. तोच कागद बाजूला ठेवून पुन्हा काढलं, रेषा मोकळी सोडून. त्या दिवसापासून ठरवून सोडतो.